डिशला फुकटचा कार्ड-शेअरिंग सर्व्हर जोडावा का?

भाऊ, चोपड्याला घरच्या डिशवर फुकटची 'लाइन', म्हणजे कार्ड-शेअरिंग सर्व्हरची जोडणी, टाकून सगळे चॅनल बघता येतील का, असं तुम्ही विचारलंय. माझं सरळ उत्तर: नका टाकू.

चॅनल उघडणारी किल्ली, म्हणजे एक गुप्त संकेतांक, दर दहाएक सेकंदांनी बदलते. कुणीतरी आपलं पैसे भरलेलं खरं कार्ड सर्व्हरला लावतो आणि त्या किल्ल्या इंटरनेटवरून शेकडो बॉक्सना पाठवतो. किल्ली जरा उशिरा आली की चित्र थिजतं. अमळनेरला मावसभावाकडे शेवटच्या षटकात गोलंदाज धावत आला आणि तसाच हवेत अडकला!

पण मला काळजी वाटली ती त्याच्या बॉक्सची. कुठूनतरी उतरवलेलं सॉफ्टवेअर, मूळचाच पासवर्ड, राउटरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, सताड उघडा. आणि वहिनींचा यूपीआयचा मोबाइल त्याच वायफायवर. बाहेरच्याला आत शिरायला एवढं पुरतं. मी त्याच रात्री बॉक्स रिसेट केला, पोर्ट बंद केला, पासवर्ड बदलले. तुम्ही आधीच काही टाकलं असेल तर आजच हे करा.

कायद्याचंही आहेच. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५-अ नुसार हक्कभंगासाठी असं तांत्रिक कुलूप तोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

फुकटच हवं तर डीडी फ्री डिश घ्या. छत्री जीसॅट-१५ उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेला लावायची. खर्च एकदाच, महिन्याचं काही नाही. सह्याद्रीही दिसतं.