ड्रेडलॉक्स नवे आहेत? आधी वाळवायला शिक

केस धुतले की लॉक्स (केस गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा) सुटतात, हे डोक्यातून काढून टाक. उलट स्वच्छ केसच नीट गुंततात, तेलकट केस घसरतात. आठवड्यातून एकदा-दोनदा शांपू लाव. कंडिशनर नको, आणि मेण तर अजिबात नको! ते एकदा आत बसलं की निघता निघत नाही, वर धूळ धरतं.

खरी कसोटी पावसाळ्यात. लॉक वरून कोरडा लागतो, आत मात्र ओल राहते आणि मग कुबट वास सुटतो. म्हणून सकाळीच न्हायचं, पंच्यात धरून एकेक लॉक पिळायचा आणि पंख्याखाली बसायचं. ओले केस बांधून झोपायचं नाही. वाळत आले की मुळाशी एकमेकांत अडकलेले लॉक्स बोटांनी ओढून वेगळे कर, नाहीतर दोघांचा मिळून एकच जाडजूड होतो. लॉक घट्ट व्हावा म्हणून मुळं सारखी पिळत बसू नकोस. ताणाने केस कायमचे जाऊ शकतात, कपाळाजवळचे आधी.

आणि हो, आपल्याकडे कुणीतरी हात जोडून ‘देवीची जट का?’ विचारणारच. सरळ सांग, हौसेने ठेवलेत, कंटाळा आला की कापणार. कोप-बिप काही होत नाही.