राजारामपुरीत योगा स्टुडिओ काढायचाय? जागा शेवटी बघा, आधी बॅच भरा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. योगशिक्षकाचा कोर्स झालाय, हातात साधारण सहा लाख आहेत, राजारामपुरी मेन रोडला एक हॉल पसंत पडलाय आणि मिस्टर म्हणताहेत की योगासोबत दोन ट्रेडमिल, थोडे डंबेल्स पण ठेवूया म्हणजे जिमची पण गिऱ्हाईकं येतील. मी इथंच कोल्हापुरात बरीच वर्षं क्लास चालवते, त्यामुळं जरा सविस्तरच लिहिते, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तो हॉल आत्ता घेऊ नका. टोकन दिलं नसेल तर अजिबातच देऊ नका.

का ते सांगते. स्टुडिओ दिवसभर आपल्या ताब्यात असतोय, भाडं चोवीस तासांचं जातंय, पण पैसे देणारी माणसं येतात ती चारच तासांत. सकाळी सहा आणि सात, ह्या दोन बॅच नोकरीवाल्यांच्या. मग साडेदहाची गृहिणींची, ती पण त्या भागात नळाला पाणी कधी येतंय ह्यावर अवलंबून, हसू नका, खरंच विचारून घ्या कारण पाणी यायच्या वेळेला कुणी बाई घर सोडत नाही. आणि संध्याकाळी साडेसहाची एक. दुपारी बारा ते पाच कुत्रं फिरकत नाही. म्हणजे तुमचा धंदा चार तासांचा आहे आणि सगळं गणित त्या चार तासांवर मांडायचं, हॉल किती देखणा आहे त्यावर नाही.

आता समजा सहाशे फुटांची जागा आहे. एका मॅटला आजूबाजूची हात पसरायची जागा धरून पंचवीस-तीस फूट लागतात, बाथरूम, चपला, तुमचं टेबल वजा केलं की चौदा मॅट आरामात बसतात. चार बॅच म्हणजे छप्पन्न सीट. त्या कधीच सगळ्या भरत नाहीत, साठ टक्के भरल्या तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे चौतीस माणसं. हजार रुपये महिना फी धरली तर चौतीस हजार. त्यातून समजा भाडं चौदा हजार, लाईट अडीच, झाडलोट करणाऱ्या मावशींना अडीच, किरकोळ दीड, राहिले साडेतेरा हजार, आणि ही तुमची स्वतःची मजुरी आहे, नफा नव्हे. सकाळच्या एका बॅचला मदतनीस ठेवली आणि तिला आठ हजार दिले की तुमच्या हातात साडेपाच. आता ह्यात मेन रोडचं भाडं टाकून बघा, कागदावरच रडू येईल. माझा साधा हिशोब असा की सकाळच्या दोन बॅचच्या पैशात भाडं निघून वर थोडं उरलं पाहिजे, नाहीतर ती जागा आपली नाही.

म्हणून आधी तीन-चार महिने दुसऱ्याच्या जागेत चालवा. कॉलनीचा हॉल, मंगल कार्यालयाची वरची खोली, अपार्टमेंटचं पार्किंग, डान्स क्लासवाल्यांचा हॉल सकाळी मोकळाच असतोय, तासावर मिळतोय. माणसं मोजायची ती तिसऱ्या महिन्याची फी भरणारी. पहिल्या महिन्याला मैत्रिणी, जावा, नणंदा सगळ्या येतात, त्यांना धरू नका. तिसऱ्यांदा न मागता गुगल पे करणाऱ्या वीस जणी झाल्या की मग जागा शोधायला निघा, आणि जागा त्या वीस जणी जिथं राहतात त्याच्या आसपास बघा. सकाळी सहाला स्कूटी काढून लांब कुणी येत नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

जागेबद्दल दोन-तीन गोष्टी. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, व्हीनस कॉर्नर ह्या भागात तळमजला स्वस्त दिसला तर आधी शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा की २०१९ च्या महापुराला पाणी कुठवर आलं होतं आणि २०२१ ला कुठवर. तो भिंतीला हात लावून दाखवेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी एकोणचाळीस फुटाला गेलं की इशारा आणि त्रेचाळीसला धोका, हे कोल्हापुरातल्या पोराटोरांना पाठ आहे पण जागा घेताना बरोबर विसरतात. राजारामपुरी त्या मानानं उंचावर आहे, फक्त मेन रोड सोडून आतल्या गल्लीत बघा, आपल्याला चालत्या गिऱ्हाइकाची गरज नाही, योगा क्लास कुणी रस्त्यानं जाताना बघून आत शिरत नाही. महाद्वार रोड, अंबाबाई मंदिराचा परिसर विसराच, नवरात्रात तुमच्याच बायकांना आत पोचता येणार नाही.

पहिला मजला चालेल पण जिना स्वतः चढून बघा, उंच पायऱ्यांचा आणि कठडा नसलेला असेल तर गुडघेदुखीवाल्या गेल्या, आणि तुमच्या निम्म्या बायका गुडघेदुखीवाल्याच असणार आहेत. खाली कोण राहतंय ते पण बघा. सकाळी सहाला चौदा जणांनी सूर्यनमस्कारात पाय मागं टाकले की खालच्या घरात धप्प धप्प ऐकू जातंय, आणि खाली म्हातारं माणूस झोपलेलं असेल तर आठवड्यात भांडण. चपलांचं स्टँड आत ठेवा, जिन्यात चपला पसरल्या की सोसायटीचा पहिला अर्ज त्याचाच येतो.

जमिनीवर लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट घालायचा मोह होतो, इन्स्टाग्रामवर छान दिसतंय म्हणून. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या ओलीत ते कडेनं फुगतंय. ते एकात एक अडकवायचे फोमचे तुकडे पण नकोत, पाय आत रुततो आणि वृक्षासनात तोल जातो. साध्या फरशीवर चांगली जाड सतरंजी आणि त्यावर मॅट, बास. एसीची गरज नाही, दोन समोरासमोर खिडक्या आणि एक एक्झॉस्ट पाहिजे. मॅट प्रत्येकीनं स्वतःची आणायची हा नियम पहिल्या दिवसापासून करा, पावसाळ्यात दहा जणींच्या घामाच्या मॅट गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या की चौथ्या दिवशी जो वास येतो तो उदबत्तीनं जात नाही.

साहित्य ऑनलाईन मागवू नका, आपल्या गावात सगळं होतंय. लोखंडी फोल्डिंग खुर्च्या घ्या आणि उद्यमनगरात एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडं न्या, पाठीचा पत्रा कापून कडा घासून द्यायला सांगा, पुढच्या दोन पायांत एक आडवी पट्टी वेल्ड करून घ्या, झाली आसनात आधाराला घ्यायची योगा चेअर. कडेवरनं बोट फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, जरा धार राहिली तरी मांडीला लागते. लाकडी विटा सुताराकडनं, बोल्स्टर म्हणजे आधाराचे लोड गादीवाल्याकडनं कापूस गच्च ठासून, वर चेनचा धुता येईल असा अभ्रा. ब्लँकेट म्हणून सोलापुरी चादर एक नंबर, घडी घातली की दबून चपटी होत नाही. ह्या सगळ्याला साठ हजार बाजूला ठेवलेत तर भरपूर झाले.

आता मिस्टरांच्या ट्रेडमिलबद्दल. बऱ्यापैकी कमर्शियल मशीन लाखाच्या पुढंच जातंय, दोन मशीनं मिळून जागा चार मॅटची खातात, आणि आवाज. एकीकडं शवासन आणि शेजारी धाड धाड पळणं, दोन्ही गिऱ्हाईकं जाणार. शिवाय हे कोल्हापूर आहे, पेठेपेठेत तालीम आहे, शाहू महाराजांच्या काळापासून पोरांना व्यायाम कुठं करायचा ते सांगावं लागत नाही, फुकटात रंकाळा तलावाकाठी पळता येतंय. तालमीत जाणारा पोरगा तुमच्याकडं येणार नाही. त्याची आई येईल. तिला पाठ दुखतीय, बीपी आहे, आणि बागेतल्या मोफत योगवर्गात शंभर जणांत तिच्याकडं कुणी बघत नाही. ती हजार रुपये देणार ते तिच्या गुडघ्याखाली चादरीची घडी नीट सरकवून दिली म्हणून. हे एकदा डोक्यात पक्कं झालं की जाहिरात कशी करायची, बॅच केवढी ठेवायची, सगळी उत्तरं आपोआप मिळतात.

आणि एक गोष्ट जी नवीन लोक हमखास करतात, उद्घाटनाची वार्षिक ऑफर. वर्षाचे बारा हजार, आत्ता भरा तर सात हजार. पंचवीस जणी भरतात, पावणेदोन लाख एकदम हातात येतात, वाटतं काय नाद खुळा धंदा आहे, त्यातच आरसे, फॉल्स सीलिंग, बोर्ड होऊन जातो. पुढचे अकरा महिने त्या पंचवीस जणींची जागा अडलेली राहणार, त्यांच्याकडनं नवीन फी नाही, आणि दर एक तारखेला भाडं मात्र तुमच्या खिशातनं. त्यातल्या निम्म्या चौथ्या महिन्यात यायच्या बंद होतात आणि मग राहिलेले पैसे परत मागतात ते वेगळंच. फी महिन्याची किंवा फार तर तीन महिन्यांची, आगाऊ. सुट्टीचा नियम लिहून लावा. मे महिना, गौरी-गणपती, दिवाळी ह्या काळात हॉल अर्धा रिकामा असतो, तेव्हा एखादा आठवडा पुढं ढकलून द्यायला हरकत नाही पण पैसे परत नाहीत. जानेवारीत आणि २१ जूनच्या योग दिनाच्या आसपास गर्दी होते, ती बघून दुसरी जागा घ्यायचा विचार करू नका.

कागदपत्रांचं फार टेन्शन नाही. एक-दोनच मदतनीस असतील तर शॉप ॲक्टची फक्त ऑनलाईन सूचना द्यावी लागते, छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला त्याचे पैसे देऊ नका. व्यवसाय कराचे वर्षाला अडीच हजार. जीएसटी वर्षाला वीस लाखाच्या आत असाल तर नाही, आणि पुढं कधी गेलातच तर २२ सप्टेंबर २०२५ पासून योगा सेंटरला अठराचा पाच टक्के झालाय, फक्त इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. भाडेकरार मात्र रजिस्टरच पाहिजे, त्यात वापर योगवर्गासाठी असं लिहून घ्या, मीटर कमर्शियल आहे का बघा, आणि मालकाला मधेच खाली करायला लावता येणार नाही असा किमान दोन वर्षांचा काळ लिहून घ्या. आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा ऐच्छिक आहे, पण शाळा-कंपन्यांत शिकवायला जायचं असेल तर द्या. क्लासमध्ये सिनेमाची गाणी लावणार असाल तर त्याचं लायसन्स लागतं, मी म्हणते लावूच नका.

प्रवेशाच्या फॉर्मवर बीपी, स्लिप डिस्क, ऑपरेशन, गरोदरपण, काचबिंदू हे प्रश्न हवेतच, आणि तोंडी पण विचारा कारण फॉर्मवर बायका 'काही नाही' लिहितात आणि तिसऱ्या दिवशी हलासनात सांगतात की मानेत गॅप आहे.

तुमचे सहा लाख असे वाटा: डिपॉझिट लाखभर, रंग-लाईट-जमीन सव्वा लाख, साहित्य साठ हजार, सहा महिन्यांचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास. उरलेले एक लाख नव्वद हजार एफडीत, त्याला मिस्टरांनी पण हात लावायचा नाही.

आत्ता कुठल्या भागात राहता आणि ओळखीतल्या किती जणी खरंच यायला तयार आहेत ते इथंच लिहा, त्यावरनं सकाळची बॅच आधी सुरू करायची की साडेदहाची ते सांगते. आणि त्या हॉलचा फोटो टाकणार असाल तर जिन्याचा पण टाका.