मूल काय जेवत होतं, हे आधी विचारा

परदेशातून मूल दत्तक घेणारे पालक वाट पाहण्याच्या काळात माझ्याकडे येतात, तेव्हा एक काळजी हमखास बोलून दाखवतात. मूल आमच्याकडे आलं की त्याची भाषा सुटेल, माणसं सुटतील. निदान त्याचं खाणं तरी आम्ही घरात टिकवू शकू का? की आम्ही केलेलं सगळं वरवरचंच होईल?

मी वॉशिंग्टनच्या परिसरात समुपदेशन करते. इथे इथिओपियन लोकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे जास्त आला तो इथिओपियाच्याच संदर्भात. त्यातली ही एका मराठी घरातली हकीकत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आसावरी सावंतवाडीची, नवरा डेव्हिड अमेरिकन. त्यांनी २०१० साली अर्ज केला. त्या वर्षी इथिओपियातून अडीच हजारांच्या आसपास मुलं अमेरिकेत दत्तक आली होती. वर्षभरात मूल घरी येईल असं त्यांना वाटत होतं. होम स्टडी, म्हणजे घराची आणि पालकांची पाहणी झाली, बोटांचे ठसे झाले, खोली रंगवून झाली. मग मार्च २०११ मध्ये इथिओपियाच्या महिला आणि बालकांच्या मंत्रालयाने जाहीर केलं, की यापुढे दिवसाला जास्तीत जास्त पाच प्रकरणं हाताळली जातील. त्यामागचं कारण रास्तच होतं. खोट्या कागदपत्रांच्या, आई-वडील हयात असताना मुलाला अनाथ दाखवल्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. आसावरीला हे पटत होतं, पण दिवस काही सरत नव्हते. "ताई, नुसतं बसून राहिले तर मी वेडी होईन," असं ती पहिल्याच भेटीत म्हणाली.

तिने इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं तिथलं जाळीदार घावन, शिकायला घेतला. टेफ हे खसखशीएवढं बारीक धान्य. त्याचं पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवायचं, वर जमणारं पिवळसर पाणी पुढच्या विरजणासाठी राखून ठेवायचं. आंबोळीवर वाढलेल्या मुलीला आंबवण्याचं काय कौतुक? तरी तिचा इंजेरा सपाट, चिवट व्हायचा. त्यावर जाळी पडायचीच नाही. इथिओपियन किराणा दुकानात भेटलेल्या अल्माझ नावाच्या बाईंनी तिला घरी बोलावलं आणि चूक दाखवली. आंबलेल्या पिठातला थोडा भाग पाण्यात शिजवून, गार करून परत मिसळायचा असतो. मग गरम मिताडवर, म्हणजे त्या भल्यामोठ्या सपाट तव्यावर, बाहेरून आत गोल गोल धार सोडायची. वर जाळीचे डोळे उघडायला लागले की झाकण ठेवायचं. उलटायचं नाही. त्या दिवशी जेवताना अल्माझबाईंनी इंजेऱ्यात मसूरडाळीचं 'वाट', म्हणजे तिथलं घट्ट कालवण, गुंडाळलं आणि तो घास थेट आसावरीच्या तोंडात दिला. पाहुण्याला असा भरवणं हा तिथला मान. केवढा मोठा घास होता, हे सांगताना आसावरीचे डोळे भरून आले होते.

हे सगळं मला मनापासून आवडलं. दोन वेगळ्या देशांतल्या बायकांची मैत्री झाली होती, आणि पुढे मुलाच्या आयुष्यात त्याच्या देशाची एक मोठी व्यक्ती असणार होती. पाककृतींच्या वहीपेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं. पण याच सुमारास आसावरी सारखेपणाच्या प्रेमात पडली. शिरो म्हणजे आपलं पिठलंच. हरभऱ्याचं पीठ, लसूण, तिखट. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या बुधवार-शुक्रवारच्या उपवासाला मांस, दूध, अंडी वर्ज्य, म्हणजे जवळपास आपल्यासारखंच. फोनवर तिच्या आईंनीही निकाल देऊन टाकला होता, "मग काय, पोर आपल्यात सहज मिसळेल."

मी तिला तिथेच थांबवलं. पिठलं आणि शिरो जुळतात याचा दिलासा तुला मिळतो आहे, मुलाला नाही. त्याला अजून तू भेटलेलीसुद्धा नाहीस. आणि इथिओपियाचं जेवण म्हणून तू जे शिकते आहेस, ते त्या मुलाचं जेवण आहे हे तुला कोणी सांगितलं?

ही शंका मी उगीच काढली नव्हती. इंजेरा आणि डोरो वाट, म्हणजे कोंबडीचं कालवण, ही तिथल्या उत्तरेकडची आणि मध्य पठारावरची ओळख. दत्तक जाणारी कितीतरी मुलं मात्र दक्षिणेतली असत. वोलायता, हदिया, कंबाटा भागातली. तिकडे रोजचं पोट भरतं ते एन्सेटवर. केळीसारखं दिसणारं हे झाड. त्याचं फळ खात नाहीत. खोडाचा आणि कंदाचा गर खरवडायचा, पानं अंथरलेल्या खड्ड्यात पुरून आंबवायचा, आणि त्याची जाड भाकर भाजायची. तिला कोचो म्हणतात. जोडीला पालेभाजी, मका. तिथल्या गरीब घरात डोरो वाट म्हणजे सणाचं जेवण. चार वर्षांच्या पोराने ते कितीदा चाखलं असेल? एखादं मूल 'देशाचं जेवण' जेवत नसतं. ते एका घरातलं, नंतर एका संस्थेतलं जेवण जेवत असतं.

झालंही तसंच. ज्या मुलाची माहिती आली तो बिनियाम, चार वर्षांचा, हदिया भागातला. तिथली कारभाराची भाषा अम्हारिक, तीसुद्धा त्याची घरची नव्हती. ती तो अदिस अबाबाच्या संस्थेत आल्यावर शिकला होता. तेव्हाच्या नियमानुसार दोन फेऱ्या लागायच्या : पहिली न्यायालयात हजर राहण्यासाठी, दुसरी व्हिसा झाल्यावर मुलाला आणायला. पहिल्या फेरीआधी मी दोघांना बसवून एकच काम दिलं. संस्थेतल्या सांभाळणाऱ्या बाईंना विचारा, तो सकाळी काय खातो, आजारी पडला की काय मागतो, एकत्र ताटात जेवतो की स्वतःच्या वाटीत, काय पाहिलं की तोंड फिरवतो. आणि नातेवाईक भेटले तर त्यांनाही हेच विचारा.

न्यायालयाच्या आवारात बिनियामची मावशी भेटली. दुभाष्यामार्फत बोलणं सुरू होतं. कागद, सह्या, संमती. डेव्हिडने मध्येच विचारलं, "त्याला काय आवडायचं?" मावशी क्षणभर गप्प राहिली, मग भडाभडा बोलायला लागली. कोचो आणि कोबी. सातूचे भाजलेले दाणे, ज्यांना कोलो म्हणतात, ते खिशात घेऊन हिंडायचा. आई होती तेव्हा तिच्या मांडीवर बसूनच जेवायचा. त्या सगळ्या प्रक्रियेत तिला सही सोडून कोणी काही विचारलंच नव्हतं. डेव्हिडने सगळं उतरवून घेतलं, मावशीच्या गावाचा पत्ता आणि शेजारच्या दुकानाचा फोन नंबरही. माझ्या मते त्या प्रवासातून हाती लागलेला सर्वांत मोलाचा कागद तो.

बिनियाम २०१२ मध्ये घरी आला. जाळीदार, मऊ इंजेरा त्याच्यापुढे आला आणि त्याने ताट ढकललं. पुढे कितीतरी आठवडे केळी, उकडलेली अंडी आणि मॅकरोनी, एवढंच. मॅकरोनी तिथल्या शहरांत घरोघरी चालते, इटलीने १९३६ ते १९४१ त्या देशावर ताबा ठेवला होता त्याची ती खूण. संस्थेत त्याला तीच मिळत असे. आसावरी खचली. "एवढं शिकले ते कशासाठी?" मी म्हटलं, तुला तोंडओळख व्हावी म्हणून. त्याने ते आनंदाने खावं ही अट त्यात नव्हती. ओळखीचा वास कधी मायेचा असतो, कधी गेलेल्या माणसाचा. त्याला नाही म्हणता येणं ही त्या घरातली त्याची पहिली सत्ता होती, आणि ती त्याला मिळणं फार गरजेचं होतं.

मग उशीखाली पावाचे तुकडे सापडायला लागले. हे दत्तक मुलांमध्ये खूप दिसतं. ज्याने भूक पाहिली आहे ते मूल उद्याची तरतूद करतं. इथे रागवायचं नाही, शोधून काढून फेकायचं नाही. त्याला त्याचा स्वतःचा डबा द्यायचा, हात पोचेल अशा ठिकाणी ठेवायचा आणि तो कधीही रिकामा होऊ द्यायचा नाही. आसावरीने डब्यात कोलो भरलं. दोन्ही खिसे भरून घेतले त्याने. पुढे काही महिन्यांनी तुकडे लपवणं आपोआप थांबलं. मांडीवर बसून जेवायची सवयही त्याने स्वतःहूनच पुन्हा धरली. चार वर्षांच्या मुलाने आता स्वतः जेवावं, असं आजीचं म्हणणं होतं, ते आम्ही बाजूला ठेवलं.

अन्न कधीही शिक्षा किंवा बक्षीस होऊ देऊ नका, हे मी प्रत्येक पालकाला आवाज चढवून सांगते. मे २०११ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात, इथिओपियातून दत्तक आलेली हाना विल्यम्स ही मुलगी दत्तक घरातच मरण पावली. जेवण तोडणं ही तिला होणाऱ्या शिक्षांपैकी एक होती. २०१३ साली दत्तक आई-वडील दोषी ठरले. अशा घटनांचे पडसाद इथिओपियातही उमटले, आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या संसदेने परदेशी दत्तकावर बंदी घातली.

बिनियाम आता मोठा झाला आहे. अल्माझबाईंकडे कॉफीच्या वेळी तो हजर असतो, आणि मावशीशी फोनवर बोलणं होतं. इंजेरा खातो, वरणभातही खातो. कोचो त्याने एका हॉटेलात मागवून पाहिला आणि आवडला नाही. आसावरीला त्याचं वाईट वाटलं. मला वाटलं नाही.

हा प्रश्न इथिओपियापुरता नाही. 'कारा', म्हणजे भारताची केंद्रीय दत्तक यंत्रणा, हिच्यामार्फत महाराष्ट्रातली मुलंही इटली, स्पेन, अमेरिकेत जातात. तिथले पालक उत्साहाने नान आणि बटर चिकन शिकून ठेवतात, आणि मूल मराठवाड्यातल्या एखाद्या संस्थेत खिचडी आणि ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलं असतं. वाट पाहणाऱ्या प्रत्येक घराला मी सांगते, आज रात्री संस्थेला पत्र लिहा आणि वर दिलेले प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा. प्रत्यक्ष जाल तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरात थोडा वेळ उभं राहायची परवानगी मागा, आणि मुलाला रोज वाढणाऱ्या बाईंचं नाव लिहून घ्या.