पहिलं स्मार्टवॉच घेण्याआधी

भाऊ, हौसेनं घेत असशील तर खुशाल घे. पण साखर मोजतं म्हणून बाबांसाठी घेत असशील तर थांब. कातडीला न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं होतं. तसल्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल. बोट टोचायचं ग्लुकोमीटरच बरं.

नाडीचं तसं नाही. घड्याळामागे हिरवा दिवा लुकलुकतो ना, त्याचा प्रकाश रक्त शोषून घेतं. ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून मोजणी होते. पट्टा सैल असला किंवा कापूस वेचताना हात सारखा हलत असला, की आकडा भरकटतो. मनगटाच्या हाडाच्या जरा वर घट्टसर बांध आणि निवांत बसून बघ.

आपल्याकडचं ऊन तर तुला माहीतच आहे. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि तेवढ्या उष्णतेत लिथियम बॅटरी चार्ज करणं वाईटच. टिनाखाली दुपारी लावू नको, पहाटे लाव. फवारणीला जाताना मात्र काढूनच ठेव, पट्ट्याखाली औषध अडकून कातडीला लागत राहतं.