रेड ५ च्या रिबिल्डमध्ये दुसरी डिस्कही बाहेर पडली तर

तुमची परिस्थिती अशी: ४ टेराबाइटच्या चार डिस्क, लिनक्सवर एमडीएडीएम या साधनाने बांधलेला रेड ५, म्हणजे एक डिस्क गेली तरी पॅरिटीच्या (हिशोबाने साठवलेल्या जादा माहितीच्या) आधारे डेटा टिकवणारा डिस्कचा गट (अ‍ॅरे). एक डिस्क गेली, नवी घातली, रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा तयार करणं) ६० टक्क्यांवर अडकलं आणि आणखी एक डिस्क ‘फेल्ड’ झाली. बॅकअप जुना आहे.

रिबिल्ड पुन्हा सुरू करू नका. आणि कोणी एमडीएडीएमच्या ‘क्रिएट’ आज्ञेने अ‍ॅरे नव्याने बांधायला सांगितलं तर तेही नको. डिस्कचा क्रम, चंक (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार) किंवा डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा जिथून सुरू होतो ती जागा) यांपैकी काहीही चुकलं की नव्या पॅरिटीचं लेखन चांगल्या डेटावरच होतं. एमडीएडीएमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत डिफॉल्ट ऑफसेटही वेगळा असतो.

दुसरी डिस्क बहुधा मेलेली नाही. रिबिल्डला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, त्यात महिनोन्महिने न वाचलेले खराब सेक्टर सापडतात. साधी डेस्कटॉप डिस्क असा सेक्टर वाचायला मिनिटभर झगडते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ३० सेकंदांत कंटाळतो आणि तिला बाहेर काढतो. स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत दाखवणारं साधन) चालवून १९७ क्रमांकाचा पेंडिंग, म्हणजे वाचता न आलेल्या, सेक्टरचा आकडा बघा. तो शून्य असून फक्त १९९ (डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा आकडा) वाढत असेल, तर आधी केबल बदला.

सर्व्हर बंद करून डिस्कवरचे सिरियल नंबर लिहून घ्या. एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, आणि चांगलीच डिस्क उपसण्याचा घोळ त्यातूनच होतो. मग प्रत्येक डिस्कचं एमडीएडीएमच्या ‘एक्झामिन’चं आउटपुट फाइलमध्ये ठेवा. कुठली डिस्क किती मागे पडली ते सांगणारा इव्हेंट काउंट त्यातच दिसतो.

आता दुसऱ्या डिस्कचा क्लोन, किमान तेवढ्याच मोठ्या कोऱ्या डिस्कवर, डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची नक्कल काढणारं साधन). पहिली फेरी ‘-एन’ लावून, म्हणजे सोपा भाग आधी हाती येतो. नंतर ‘-डी -आर३’. दोन्ही वेळा मॅपफाइल (काय वाचून झालं याची नोंद) तीच द्या, नाहीतर काम मध्येच तुटलं की पहिल्यापासून सुरुवात. डिस्क निरोगी असेल तर सात-आठ तास, खराब असेल तर काही दिवसही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लगेच वीज काढा. ते काम लॅबचं.

क्लोन झाला की मूळ डिस्क काढून ठेवा. दोघींचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच असतो. दोन चांगल्या डिस्क आणि क्लोन, ही तीनच नावं देऊन एमडीएडीएमने ‘असेम्बल --फोर्स’ करा. अर्धवट भरलेली नवी डिस्क यात घालू नका आणि पहिली गेलेली तर नकोच, तिचा डेटा शिळा आहे. फोर्स सुपरब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या अ‍ॅरेच्या नोंदीत) लिहितं, म्हणून जादा डिस्क उपलब्ध असतील तर चांगल्या दोघींचेही क्लोन आधी काढा. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल तर ‘आरओ,नोलोड’, एक्सएफएस असेल तर ‘आरओ,नोरिकव्हरी’ लावून माउंट करा आणि सगळं दुसरीकडे कॉपी करा.

न वाचलेल्या सेक्टरच्या जागी क्लोनवर शून्यं राहतात आणि पॅरिटी अपुरी असल्याने ती भरून निघत नाहीत. कुठल्या फाइल बिघडल्या ते शोधायला माउंट करण्याआधी डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने त्या जागी एखादा खुणेचा शब्द भरा, नंतर ग्रेपने (मजकूर शोधणारी आज्ञा) तो शब्द शोधा. हे फक्त क्लोनवर.

नवा अ‍ॅरे रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारा) करा. डिस्कला जमत असेल तर स्मार्टसीटीएलने एससीटीईआरसी (खराब सेक्टरवर डिस्कने किती वेळ झगडायचं ती मर्यादा) ७०,७० म्हणजे ७ सेकंद ठेवा. नसेल जमत तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा. ही दोन्ही सेटिंग्ज बूटनंतर सहसा टिकत नाहीत, म्हणून स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये घाला.