जीएसटीचा हिशोब मॉडेलमध्ये की कंट्रोलरमध्ये?

म्हणजे तुमची बिलिंगची एकच पीएचपी फाइल आहे: वर क्वेरी, मध्ये जीएसटीचा हिशोब, खाली एचटीएमएल. सीनियर म्हणतात एमव्हीसी आणा, म्हणजे कोडचे तीन भाग करा: मॉडेल (डेटा आणि नियम), व्ह्यू (दिसणं) आणि कंट्रोलर (आलेली विनंती घेऊन या दोघांना जोडणारा), आणि हिशोब मॉडेलमध्ये टाकायचा की कंट्रोलरमध्ये, यावर गाडी अडली आहे.

नावांवरून डोकं पिकवू नका. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेसाठी एमव्हीसी मांडलं, तेव्हा वेब नव्हतंच. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये तर ज्याला 'व्ह्यू' म्हणतात ते काम इतरत्र कंट्रोलर करतो. मी प्रत्येक ओळीला एवढंच विचारतो: उद्या ही कोणामुळे बदलावी लागेल?

२२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कोडमध्ये ठिकठिकाणी २८ लिहिलं असेल आणि तुम्ही ते सरसकट १८ केलंत, तर ऑगस्टचं बिल पुन्हा छापताना त्यावरही १८ च येणार! म्हणून दर हा डेटा, तोही 'कधीपासून लागू' या तारखेसकट टेबलात. शिवाय बिल सेव्ह होताना जो दर लागला तो बिलाच्या ओळीत कायमचा उतरवून ठेवा. त्या तारखेला कोणता दर धरायचा, राज्यातल्या राज्यात म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा की माल परराज्यात जातोय म्हणून आयजीएसटी, हे लॉजिक. ते साध्या फंक्शनमध्ये ठेवा. त्याला एसक्यूएलही दिसू नये आणि एचटीएमएलही. (सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असेल तर २२ तारखेच्या पहाटे दोनची ऑनलाइन ऑर्डर २१ तारखेत पडते. तारीख भारतीय वेळेत काढूनच फंक्शनला द्या.)

राउंडिंगने मी स्वतः तोंडघशी पडलोय. पैसे दोन दशांशांत दाखवायचे म्हणजे दिसण्याचा भाग, असं समजून ते टेम्प्लेटमध्ये, म्हणजे एचटीएमएल दाखवणाऱ्या फाइलमध्ये, केलं होतं. १०.३० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के म्हणजे १.८५४. बिलावर तीन ओळींत १.८५ छापलं, बेरीज ५.५५ हवी; एकूण मात्र ५.५६, कारण ते न कापलेल्या आकड्यांवरून आलं होतं. क्लायंटच्या सीएंनी एका पैशासाठी फोन केला, आणि त्यांचं बरोबर होतं. राउंडिंग कुठे करायचं हा हिशोबाचा नियम आहे. टेम्प्लेटकडे फक्त १,२३,४५६ असे स्वल्पविराम आणि रुपयाचं चिन्ह.

टेम्प्लेटमध्ये 'इफ' अजिबात नको, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. थकबाकी असेल तर ओळ लाल दाखव, हा 'इफ' तिथलाच. थकबाकी कशाला म्हणायची, ३० दिवसांनंतर की ४५, ते मात्र तिथे नको.

फ्रेमवर्क आत्ताच नको. आधी कराचं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि जुन्या दहा बिलांचे आकडे त्यातून जुळतात का बघा. मग क्वेरी हलवा. एचटीएमएल सगळ्यात शेवटी, ते तसंही दिसायला वाईट असलं तरी कोणाचे पैसे चुकवत नाही. लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कला जायचं तर त्यानंतर जा. हेच फंक्शन जवळजवळ जसंच्या तसं उचलून नेता येईल.