प्रकाशाला वस्तुमान नसताना गुरुत्वाकर्षण त्याला वाकवते कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यूटनच्या सूत्रात प्रकाशाचे वस्तुमान शून्य घातले तर बलही शून्य येते, मग सूर्याजवळून जाणारा किरण वाकतो कसा, प्रकाश स्वतः कशाला ओढतो का, आणि हे घरच्या संगणकावर काढून पाहता येईल का? प्रकाशकिरणांचे मार्ग संगणकावर काढणे हेच माझे काम आहे आणि नवे विद्यार्थी दरवर्षी मला हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यूटनच्या सूत्रात बल वस्तुमानावर अवलंबून असते हे खरे, पण त्वरण काढताना त्याच वस्तुमानाने भागावे लागते आणि ते उडून जाते. निर्वात नळीत दगड आणि पीस बरोबरीने खाली येतात ते यामुळेच. प्रकाशाला अतिशय वेगवान कण मानले, तर तोही सूर्याकडे ओढला जायला हवा. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान झोल्डनर यांनी 1801 साली हा हिशेब मांडला आणि सूर्याच्या कडेला लागून जाणारा किरण 0.84 विकला वळेल, असे उत्तर काढले. विकला म्हणजे एका अंशाचा 3600 वा भाग. सूर्याची आजची मापे घातली, तर हे उत्तर 0.875 विकला येते. तेव्हा प्रकाश वाकण्यासाठी आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताची गरज नाही. तो किती वाकतो, हे सांगण्यासाठी मात्र आहे.

आइन्स्टाइन यांनी 1911 मध्ये, प्रागमध्ये असताना, समतुल्यतेच्या तत्त्वावरून (गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांचे परिणाम जागच्या जागी सारखेच असतात, या तत्त्वावरून) हेच गणित केले आणि त्यांनाही 0.83 विकला एवढेच उत्तर मिळाले. त्यामागचे कारण मात्र वेगळे होते. सूर्याजवळ घड्याळे हळू चालतात, त्यामुळे प्रकाशाच्या तरंगाची सूर्याकडची बाजू दूरच्या बाजूपेक्षा मागे पडते. बैलगाडीचे एक चाक चिखलात अडकले की गाडी त्याच बाजूला वळते, तसा हा तरंग सूर्याकडे वळतो. नोव्हेंबर 1915 मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्ण होत आला, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की सूर्याजवळ केवळ काळ नव्हे, तर अवकाशही बदललेला असतो. सूर्याच्या दिशेने मोजलेली अंतरे साध्या भूमितीने सांगितलेल्या अंतरांपेक्षा थोडी जास्त भरतात. त्यामुळे तरंगाची तीच बाजू आणखी तेवढीच मागे पडते आणि वळण नेमके दुप्पट, म्हणजे 1.75 विकला, होते.

मग हा अवकाशाचा वाटा ग्रहांच्या हिशेबात जवळजवळ का जाणवत नाही? पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर जाते, प्रकाश 3 लाख किलोमीटर. संथ वस्तूचा प्रवास जवळजवळ सगळा काळातूनच होतो, म्हणून तिला काळाची वक्रता पुरेपूर जाणवते आणि अवकाशाची नाममात्र. प्रकाशाला दोन्ही सारख्याच जाणवतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे, आणि जड गोळ्याने खळगा पडलेल्या ताणलेल्या रबरी चादरीच्या नेहमीच्या चित्रात ती कुठेच दिसत नाही.

29 मे 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात नेमका हा दुपटीचा निवाडा करायचा होता. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील प्रिन्सिपे बेटावर गेले, तर त्यांचे सहकारी क्रॉमेलिन आणि डेव्हिडसन ब्राझीलमधील सोब्राल येथे. प्रिन्सिपेच्या दुर्बिणीत एक विकला म्हणजे छायाचित्राच्या काचेवर मिलिमीटरचा साधारण साठावा भाग; तारे 1.75 विकलांनी सरकले की त्याच्या अर्ध्याने, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरवायचे होते. सोब्रालच्या चार इंची दुर्बिणीने 1.98 आणि प्रिन्सिपेने 1.61 विकला हे उत्तर दिले. सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीचे उत्तर 0.93 आले होते, पण तिच्या प्रतिमा अस्पष्ट असल्याने ते बाजूला ठेवले गेले. यावर पुढे पुष्कळ वाद झाला. आज त्या वादावर काही अवलंबून नाही, कारण अवकाशाचा वाटा काळाच्या वाट्याएवढाच आहे, हे शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून 2003 साली एक लाखात दोन-तीन भाग इतक्या बारकाईने सिद्ध झाले आहे.

प्रकाश स्वतः ओढतो का? होय, कारण गुरुत्वाकर्षणाचा उगम केवळ वस्तुमानात नसून ऊर्जा, संवेग आणि दाब या सर्वांत आहे. मात्र भौतिकशास्त्रज्ञ टोलमन, एरेनफेस्ट आणि पोडोल्स्की यांनी 1931 मध्ये दाखवले की एकाच दिशेने समांतर जाणारे दोन प्रकाशझोत एकमेकांना ओढत नाहीत. विरुद्ध दिशांनी जाणारे ओढतात. तारा प्रकाश बाहेर टाकत असेल, तर त्याच्या भोवतालचे गुरुत्वाकर्षणही क्षणोक्षणी बदलते. आपला सूर्य दर सेकंदाला 40 लाख टनांहून अधिक वस्तुमान प्रकाशरूपाने गमावतो. अशा ताऱ्याचे अचूक गणित भारतीय गणितज्ञ प्र. चु. वैद्य यांनी 1943 मध्ये बनारसला केले. कोल्हापुरात जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर तेथे त्यांचे मार्गदर्शक होते. वैद्य यांचे ते उत्तर आजही आमच्या रोजच्या वापरात आहे.

आता संगणकाबद्दल. एका विद्यार्थिनीने सूर्याजवळच्या किरणाचा प्रोग्रॅम लिहिला. समीकरण बरोबर होते, पण पायरी, म्हणजे मार्ग ज्या छोट्या तुकड्यांनी काढायचा तो तुकडा, जितकी बारीक करावी तितके उत्तर बिघडत होते. आम्ही छापलेले आकडे पाहिले. किरण सरळ गेला तर सूर्याभोवती एकूण 3.141593 रेडियन (म्हणजे 180 अंश) कोन कापतो आणि वाकला तर 3.141601. सगळे भौतिकशास्त्र सहाव्या दशांश स्थळावर होते आणि तिच्या प्रोग्रॅममधील संख्या सातच अंक धरून ठेवत होत्या. हजारो पायऱ्यांमध्ये शेवटचा अंक थोडा थोडा कापला गेला की वळण त्यातच बुडून जाते. आम्ही संख्यांचे अंक दुप्पट केलेच, शिवाय संपूर्ण मार्ग काढण्याऐवजी सरळ रेषेपासूनचा फरक तेवढाच पायरीपायरीने मोजला. मग 1.75 आले आणि पायरी बदलली तरी ते हलले नाही.

तुम्हीही तसेच करा, आणि काळाच्या व अवकाशाच्या पदांपुढे दोन वेगळे गुणक ठेवा. अवकाशाचा गुणक शून्य केल्यावर 0.875 आले पाहिजे. सूर्याचे झाल्यावर कृष्णविवराकडे वळा. वस्तुमानावरून ठरणाऱ्या आणि सूर्याच्या बाबतीत सुमारे दीड किलोमीटर भरणाऱ्या गुरुत्वीय लांबीच्या (GM/c²) दहापट अंतरावर नेम धरून किरण सोडला, तर सूर्यासाठी 1.75 देणारे सोपे सूत्र 23 अंशांचे वळण सांगते, पण संपूर्ण समीकरण जवळजवळ 34 अंश देते. नेम 5.2 पटींच्या आत आणला की किरण परत येत नाही. त्या सीमेच्या जरा बाहेर तो किती फेऱ्या मारून सुटतो, ते स्वतः मोजून पाहा.